वरकशीतली पानं

१६ जून २०२४
पहिल्या पावसानंतर वरकशीत, म्हणजे आमच्या डोंगरउताराच्या जमिनीत, गेलो. सातबाऱ्यावर या तुकड्यापुढे 'पड' लिहिलंय. पूर्वी इथे एक वर्ष नाचणी, मग वरी, मग हरीक व्हायचा. जमीन दमली की काही वर्षं मोकळी ठेवायची. २००६ साली आजीने शेवटची नाचणी काढली, तेव्हापासून जमीन मोकळीच आहे. काका म्हणतात, जेसीबी घालू, काजूची कलमं लावू. मी एक वर्ष मागून घेतलंय.

२८ जुलै
गेल्या वर्षी माती काढलेल्या बांधाजवळ नुसता टाकळा आणि तेरडा. पुढे गवत आणि रानमोडी, मग करवंदीच्या जाळ्या, ओहळाकडे चांदाडे, ऐन, किंजळ. शंभर पावलांत अठरा वर्षं चालून होतात. वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री काउल्स अमेरिकेत मिशिगन सरोवरकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर असेच चालले होते. पाण्यापासून आत जावं तशी टेकडी जुनी आणि रान दाट. १८९९ साली त्यांनी ते मांडलं. पुस्तकात रानाच्या अशा टप्प्याटप्प्याच्या वाढीला अनुक्रमण म्हणतात.

२० ऑक्टोबर
करवंदीची जाळी हाताने उचकटून पाहिली, मनगट ओरबाडलं. आत बोटभर पालापाचोळा, खाली काळी ओलसर माती. वीतभर बाहेर तीच जमीन तांबडी, कडक. बुलबुल फांदीवर बसतो, शिटेतून बी टाकतो. काट्यांमुळे गुरांचं तोंड आत पोचत नाही. तिथे अंजनीचं रोप होतं, मोजून सहा पानं. उद्या हीच अंजनी वाढून सावली धरेल, आणि उन्हावर जगणारी करवंदी त्या सावलीत विरळ होत जाईल.

२ फेब्रुवारी २०२५
गावच्या देवराईत गेलो. अंजनी, जांभूळ, बेहडा, सातवीण. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेमेंट्सने १९१६ साली रानाच्या वाढीला ठरलेला क्रम आणि ठरलेला शेवट मानला; त्याच शास्त्रातल्या ग्लीसनने १९२६ साली म्हटलं, कुठलं बी येऊन पडतं त्यावर बरंच अवलंबून. इथे उभं राहिल्यावर मला ग्लीसनचं पटतं. माझ्या अंजनीचं बी इथलंच असणार. ही राई तुटली असती तर माझी वरकस कितीही वर्षं राखून अंजनी कुठून आली असती?

९ मार्च
वणवा आला. वाळलेलं गवत आणि रानमोडी भरभर पेटली. ऐनाची जाड, भेगाळ साल काळी पडली, झाड उभं आहे. जाळी जळाली. अंजनीच्या जागी राख.

४ मे
जळक्या करवंदीच्या बुडातून तांबूस धुमारे आलेत. रान पुन्हा चालू लागलंय. पण दरवर्षी आग लागली तर ते गवताच्या पुढे सरकणार नाही. काकांना सगळं फिरवून दाखवलं. ते राखेपाशी उकिडवे बसले, धुमारा बोटाने चाचपला. म्हणाले, "वणवा अडवायला पौषात जाळरेषा मारूया. कोयता मी आणतो."