फोनो स्टेज, पन्नास हर्ट्झ आणि आबांच्या रेकॉर्ड्स

व्हॉल्व्हच्या आवाजाबद्दल दोन प्रकारचे लोक फार ठामपणे बोलतात. एक, ज्यांनी त्यावर पैसे घातलेत ते. आणि दुसरे, ज्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचं पुस्तक पेपरच्या आदल्या रात्री उघडलंय ते. पहिले 'अहाहा' करतात, दुसरे 'म्युझियममध्ये ठेवा' म्हणतात. मला या दोघांच्या मधे बसून निर्णय घ्यायचा होता, तोही शिष्यवृत्तीच्या पैशांत. कारण उमरग्याला आमच्या आबांनी फर्मान काढलं होतं, "कानात मशीन बसवायच्या आधी एकदा माझ्या रेकॉर्डी नीट ऐकू दे."

तर मंडळी, आधी हे फोनो स्टेज प्रकरण काय आहे ते बघू. रेकॉर्डवर खर्ज जसाच्या तसा कोरला तर सुई इतकी डावी-उजवीकडे हलेल की खाचांना जागाच पुरणार नाही. एका बाजूवर वीस मिनिटांचं गाणं विसरा. म्हणून कोरतानाच खर्ज कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात. वाजवताना बरोबर याच्या उलट करायचं, म्हणजे गाणं जागेवर येतं आणि वाढवलेल्या भागाबरोबर सुईची खरखरही खाली जाते. किती कमी, किती जास्त, हे १९५४ च्या सुमारास अमेरिकेत एकसारखं ठरलं. तोच आरआयएए वक्र. टाइम कॉन्स्टंट फक्त तीन : ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. सेकंड इयरला आरसी सर्किट 'आऊट ऑफ सिलॅबस असतं तर बरं' म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी! शिवाय मॅग्नेटवालं कार्ट्रिज देतं जेमतेम ५ मिलिव्होल्ट. ते १ किलोहर्ट्झला शंभरपट, म्हणजे ४० डीबी वाढवायचं.

आबांना हे पटेना. त्यांच्या जुन्या प्लेअरला असलं काही लागतच नव्हतं. आणि ते खरंच आहे. त्या प्लेअरमध्ये क्रिस्टलचं कार्ट्रिज होतं. ते शेकडो मिलिव्होल्ट देतं आणि त्याच्या स्वभावातच वक्राची बरीचशी भरपाई होऊन जाते. वायर सरळ मर्फी रेडिओच्या मागच्या पिकअपच्या भोकात! तो मर्फी व्हॉल्व्हचा. म्हणजे आबांच्या मनात कुमार गंधर्वांचा जो आवाज आहे, त्यात थोडा मर्फीही गातोय. आता मर्फी बंद, प्लेअर बंद. मी सेकंडहँड टर्नटेबल आणलं, कार्ट्रिज मॅग्नेटचं. ते मुद्दाम साध्या ऑक्झिलरीला लावून दाखवलं. आबा म्हणाले, "पंडितजी डब्यात बसून गातायत काय रे?"

रेकॉर्डी किती उरल्या होत्या? १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपात फळी कोसळली, तेव्हा लाखेच्या जवळजवळ सगळ्या ७८ च्या तबकड्यांचा चुरा झाला. सास्तूरसारख्या शेजारच्या गावांत माणसं गेली, तिथे रेकॉर्डींचं दुःख कुणी करायचं? व्हिनाइल वाकतं, तुटत नाही, म्हणून एलपी वाचल्या. दोन ७८ उरल्यात, पण त्यांना जाड सुई लागते आणि त्यांचा वक्रही वेगळा. त्यांचं नंतर बघू.

पर्याय दोन होते. एक, एनई५५३२ या चिपवर मित्राने जुळवलेलं सर्किट, काही शे रुपयांचं. दुसरं, तीन ईसीसी८३ व्हॉल्व्हचं. त्याच्या किमतीत माझी सहा महिन्यांची मेस निघाली असती. कागदावर चिप सरळ जिंकते. तिची खरखर कमी, विकृतीही कमी. व्हॉल्व्हच्या बाजूने नेहमी सांगतात ते दुसरं हार्मोनिक. यात तथ्य एवढंच की षड्जाचं दुसरं हार्मोनिक म्हणजे तार षड्ज, स्वर तोच. तिसरं म्हणजे तार सप्तकातला पंचम. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला यातलं काहीच परकं नाही. पण नीट बनवलेल्या फोनो स्टेजमध्ये हे इतकं थोडं असतं की सगळं श्रेय त्याला द्यायला माझं मन घेत नाही.

मला खरी भीती होती पन्नास हर्ट्झची. आरआयएए वक्र ५० हर्ट्झला आणखी १७ डीबी वाढवतो. ४० अधिक १७ म्हणजे ५७ डीबी, सुमारे सातशेपट! म्हणजे महावितरणची गुणगुण सातशेपटीने पंडितजींच्या मागे. पहिला व्हॉल्व्हचा नग मी याच कारणाने परत केला, त्याचे हीटर एसीवर होते. दुसऱ्याचे ६.३ व्होल्ट डीसीवर, रेग्युलेटरसह. उन्हाळ्यात शेतातले पंप चालू झाले की आमच्याकडे व्होल्टेज बसतं, तेव्हा ही चैन नाही, गरज आहे. त्यात घर सोलापूर–हैदराबाद हायवेला लागून. लोड भरलेला ट्रक गेला की स्पीकरचा पडदा आत-बाहेर हलायचा, कारण खालची थरथरही हा वक्र वाढवतो. टर्नटेबलखाली शहाबादी फरशी आणि फरशीखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे, एवढ्यावर ते बरंचसं थांबलं.

मग आबांची परीक्षा. जरा मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो, म्हणून १ किलोहर्ट्झचा टोन देऊन दोन्हींची पातळी आधी मल्टिमीटरवर जुळवली. काय लावलंय ते सांगितलं नाही. कुमारांच्या एलपीची एकच बाजू, आज चिपवर, उद्या व्हॉल्व्हवर. चिप ऐकून आबा म्हणाले, "स्वच्छ आहे." व्हॉल्व्हवर काहीच बोलले नाहीत. बाजू संपली, सुई मधल्या खाचेत फिरत राहिली, तेव्हा म्हणाले, "पलट."

एका माणसावरची एक चाचणी, यावर पेपर छापून येणार नाही. पण ऐकणाराही एकच माणूस होता. मेसचं काय ते बघून घेतलं.

आईची एकच अट आहे : डब्याचं झाकण कुणी उघडायचं नाही. आत अडीचशे व्होल्ट डीसी असतं आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात, हे मीच तिला सांगितलं होतं. व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर जातं. आबांची तक्रार नाही. तेवढ्यात ते धोतराच्या सोग्याने, मी नको नको म्हणत असताना, रेकॉर्ड पुसून घेतात.