स्कूटरचा बेल्ट बदलताना

गिअरलेस स्कूटरच्या डाव्या अंगाला, लांबट झाकणाखाली, एक रबरी बेल्ट दोन पुलींवरून फिरतो आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे नेतो. दोन्ही पुली अखंड नसतात. प्रत्येकीत समोरासमोर ठेवलेल्या दोन उतरत्या चकत्या असतात. इंजिनाचा वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर सरकतात आणि चकत्या जवळ येऊन बेल्ट काठाकडे चढतो. बेल्टची लांबी तेवढीच असल्याने मागच्या पुलीत तो स्प्रिंगचा दाब सोसत आत उतरतो. गिअर बदलण्याचे काम असे सलग, आपोआप होते. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली ही रचना मोटारीत आणली. भारतातल्या रस्त्यांवर ती रुळली १९८४ नंतर, कायनेटिक होंडा स्कूटरमुळे.

बेल्ट तुटण्यापूर्वी झिजतो. त्याच्या दोन्ही तिरप्या कडा चकत्यांवर घासून रुंदी कमी होते. अरुंद झालेला बेल्ट पुढच्या पुलीत पुरेसा वर चढत नाही, म्हणून सर्वाधिक वेग घटतो. इंजिन ओरडते पण गाडी पळत नाही, चढावर पिकअप मिळत नाही, जळक्या रबराचा वास येतो. सुटताना गाडी थरथरली तर मात्र दोष क्लचचाही असू शकतो. बेल्ट बदलण्याचे अंतर प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेले असते. बऱ्याच स्कूटरींसाठी ते वीस ते पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास येते. तडे, निघालेले धागे किंवा तुटलेले दाते दिसले, तर त्या आकड्याची वाट पाहू नये.

काम गार इंजिनावर, सपाट जागी, गाडी डबल स्टँडवर लावून आणि चावी काढून करायचे असते. आधी किकचा दांडा, मग झाकणाचे बोल्ट निघतात. बोल्ट कमी-अधिक लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून ज्याचा तो त्याच्या जागी खोचून ठेवावा. लांब बोल्ट आखूड जागी आवळला की आटे जातात. आतली काळी धूळ तोंडाने फुंकू नये. तिच्यात क्लचच्या अस्तराचाही अंश असतो. मास्क लावून ती ओल्या फडक्याने टिपावी.

पुढच्या पुलीचा नट सैल करताना पुली धरून ठेवण्यासाठी होल्डर लागतो. पंख्याच्या पात्यांत पेचकस अडकवला तर पाती तुटतात. नट, वायसर आणि बाहेरची चकती निघाली की बेल्ट ढिला पडतो. काही मॉडेलांत तो एवढ्यावर बाहेर येतो, काहींत मागचा क्लच ड्रमही काढावा लागतो. ड्रममागचा मोठा नट मात्र सोडू नये: त्याखाली दाबलेली स्प्रिंग असते आणि योग्य अवजाराशिवाय ती उसळते.

नवा बेल्ट चढवण्याआधी जुन्याचे कारण तपासावे. रोलरची एक बाजू चपटी झाली असेल तर सगळा संच बदलावा. पुलीवर तेल दिसले तर ऑइल सील गळते आहे. ते न बदलता घातलेला बेल्टही घसरणार. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी नेल्यावर झाकणात पाणी शिरले असेल, तर पुली आणि बेल्ट कोरडे करावे लागतात. चकत्यांच्या उतारांवर ग्रीसचा थेंबही नको.

बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवतात. सगळ्या कामाची मेख पुढे आहे. मागच्या पुलीच्या चकत्या हाताने फाकवून बेल्ट खोल आत दाबावा, म्हणजे पुढे त्याला ढील मिळते. मग पुढची चकती मधल्या पोलादी नळीवर पूर्ण टेकते. ढील न देता नट आवळला, तर चकती आणि नळी यांच्यात बेल्ट चिमटीत सापडतो. नट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण तो धातूवर नव्हे, रबरावर बसलेला असतो. गाडी चालू लागताच बेल्ट सरकतो, नट सैल पडतो आणि चकतीचे व क्रँकशाफ्टचे दाते खरवडले जातात. म्हणून आवळण्यापूर्वी चकती हाताने दाबून पाहावी आणि शाफ्टचे आटे पुरेसे बाहेर आलेत का ते तपासावे. नट पुस्तिकेत दिलेल्या मापाने, टॉर्क पान्यानेच आवळावा.

त्यानंतर पुली हाताने काही फेरे फिरवली की बेल्ट मागे वर येऊन ताणला जातो. झाकण, पॅकिंग आणि किक बसवल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. पहिली चाचणी डबल स्टँडवर, मागचे चाक अधांतरी ठेवून मंद गतीने घ्यावी. दुसरी रिकाम्या रस्त्यावर. सुरुवातीचे शे-दोनशे किलोमीटर ॲक्सिलरेटर पूर्ण पिळू नये, तोवर नव्या रबराच्या कडा चकत्यांशी जुळतात. बदलाच्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा पुस्तिकेत लिहून ठेवला, की पुढच्या तपासणीची वेळ अंदाजावर राहत नाही.