दरवर्षी उघडावयाची वही

दिवाळीच्या चोपडापूजनाला आपल्या पेढ्यांवर नवी वही उघडली जाते आणि जुनी शिल्लक पुढे ओढली जाते. एका रुपयाची येणी सहसा मागे राहत नाही. परंतु ज्या घरात एखादे मूल किंवा वडीलधारी व्यक्ती दिव्यांग आहे, त्या घरात आणखी एक वही असावयास हवी व ती बहुधा नसते. शासनाने देऊ केलेल्या सवलतींची ती वही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून समाजातील काही कुटुंबांचे असे कागद मी पाहून देतो. ज्या घरांत जीएसटीचे विवरण एक दिवसही उशिरा जात नाही, त्याच घरांत या कागदांची आठवण दोन-दोन वर्षे कोणाला होत नाही, असा माझा अनुभव आहे.

कारणे दोन दिसतात. ‘सरकारचे पैसे आपल्याला कशाला?’ हे उघड बोलले जाणारे कारण. दुसरे बोलले जात नाही. एका गृहस्थांनी धाकट्या मुलाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र दुकानाच्या तिजोरीत ठेवले होते. घरी आलेल्या पाहुण्यांच्या दृष्टीस पडले तर मोठ्या मुलीचे स्थळ मोडेल, ही भीती. मुलीचे लग्न यथास्थित पार पडले. प्रमाणपत्राची मुदत मात्र तिजोरीतच संपली.

पहिल्या कारणाविषयी इतकेच म्हणतो की वजावट हे दान नव्हे. घसारा मागताना आपण कधी संकोचतो काय? दुसऱ्या कारणापुढे मात्र युक्तिवाद चालत नाही, हे जाणतो.

मुळात दिव्यांग कोणास म्हणावे, हेच बदलले आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. थॅलॅसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन हे विकारही आता त्यात येतात. प्रत्येक सवलतीची व्याख्या एकसारखी नसते, म्हणून तपासणे भाग आहे. ज्या प्रमाणपत्रावर पुनर्तपासणीची मुदत लिहिलेली असते, ते मुदतीनंतर नवे करून घेतले नाही तर पुढील वर्षापासून प्राप्तिकराची वजावट थांबते. त्याची सूचना कोणी घरी आणून देत नाही.

आता प्राप्तिकर. व्यापारी कुटुंबांनी सर्वांत सावध राहावे ते येथेच. जुन्या करपद्धतीत ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या आश्रितासाठी ७५,००० रुपये, आणि ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपये उत्पन्नातून वजा होतात. प्रत्यक्ष खर्च कमी झाला तरी रक्कम तेवढीच. करदाता स्वतः दिव्यांग असेल तर त्यालाही तितकीच वजावट आहे. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील व्यापाऱ्याचा १,२५,००० च्या वजावटीने उपकरासह ३९,००० रुपये कर वाचतो. मात्र २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करपद्धत आपोआप लागू होणारी ठरली, आणि तीत या दोन्ही वजावटी नाहीत. नोकरदाराला विवरणपत्र भरताना दरवर्षी निवड बदलता येते. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला तशी मोकळीक नाही. जुनी पद्धत हवी असल्यास त्याने विवरणपत्राच्या मुदतीच्या आत वेगळा अर्ज करावयाचा. आणि जुनी निवडून एकदा का तो नव्या पद्धतीत परतला, की व्यवसायाचे उत्पन्न आहे तोवर त्याला जुनीकडे पुन्हा वळता येत नाही. नोकरदार जावयाने केले म्हणून सासऱ्यांनीही तसेच करावे, असे येथे चालत नाही.

माझा आग्रह जुन्या पद्धतीचा नाही. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत साधारणपणे बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही, त्यामुळे पुष्कळांना नवीच सोयीची पडेल. आग्रह एवढाच की दोन्हींची आकडेमोड व्हावी, आणि ती एका वर्षाची न होता पुढील अनेक वर्षांची व्हावी. त्यातच १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आला. ‘८०यू’, ‘८०डीडी’ हे तोंडपाठ झालेले क्रमांक आता जुन्या वर्षांपुरतेच. करसल्लागाराकडून नवी कलमे लिहून घ्यावीत.

सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट येथेच नोंदवतो. अज्ञान मुलाच्या नावे ठेवलेल्या ठेवीचे व्याज पालकाच्या उत्पन्नात मिळवले जाते; मूल या व्याख्येतील दिव्यांग असेल तर ते मिळवावे लागत नाही. आपल्याकडे मुलांच्या नावे ठेवी ठेवण्याची रीत आहे, म्हणून हे सांगितले. राज्याच्या व्यवसायकरातही दिव्यांगांना सूट आहे आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात तिची व्याख्या रुंदावली. वर्षाला अडीच हजारांचा प्रश्न, पण अडीच हजार म्हणजे अडीच हजार.

काही सवलती तर कोणी काढून न घेताही संपतात. अस्थिव्यंग असलेल्यांना लहान मोटारीवर २८ ऐवजी १८ टक्के जीएसटी लागत असे. त्यासाठी कागद गोळा करणारे लोक मी पाहिले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारी सर्वांनाच १८ टक्क्यांत आल्या. सवलतीचा अर्थच उरला नाही.

पैशाहून मोठी बाब पालकत्वाची आहे. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेले मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते, आणि आईवडील त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. बँकेत मुलाच्या खात्यावर सही कोणी करावी, हा प्रश्न त्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी उभा राहतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. वडिलांच्या पश्चात थोरल्या भावाने हे सारे करावयाचे म्हणजे वारसाहक्क, संस्कारविधी आणि अर्ज एकाच महिन्यात. त्याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्यविमा योजना या चार प्रकारांसाठी आहे. संरक्षण एक लाखापर्यंतचे, पूर्वतपासणीची अट नाही, उत्पन्नाच्या मर्यादेने कोणी वगळले जात नाही. पण तिचे वर्ष ३१ मार्चला संपते, आणि नूतनीकरण स्वतःच करावे लागते. मार्चअखेरीस आपण दुकानाच्या साठ्याची मोजदाद करीत असतो. नेमके तेव्हाच हे राहून जाते.

देण्यात आपला समाज मागे नाही. जयपूर फूट घरोघरी पोहोचवणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी स्थापन केली. आम्हा बँकवाल्यांना ते रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर म्हणूनही परिचित. कृत्रिम पायांची शिबिरे भरवताना आपली मंडळे रात्रंदिवस राबतात. त्याच मंडपात एक टेबल कागदांसाठी मांडता येईल, असे मला पुष्कळ दिवस वाटते. प्रमाणपत्राची मुदत, ओळखपत्राचा अर्ज, पालकत्वाची चौकशी. पायाचे माप घेण्याइतकेच हे काम चिकाटीचे, फक्त ते एका दिवसात उरकत नाही.

आणि हे टेबल केवळ आपल्या घरांसाठी नको. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. आपल्यापैकी बहुतेक त्यात बसणार नाहीत. परंतु आपल्या दुकानात सामान उचलणारा, गोदामाची झाडलोट करणारी बाई यांच्या घरी असे कोणी असू शकते. त्यांना मिळणारे अनुदान ६०० वरून १,०००, मग १,५०० आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी दरमहा २,५०० रुपये झाले. तेथेही उत्पन्नाचा दाखला लागतो, हयातीचा दाखला लागतो, आधार बँकखात्याला जोडलेले लागते. एक कडी तुटली की पैसे थांबतात आणि का थांबले ते कोणी सांगत नाही. तहसील कार्यालयात त्यांना स्वतः जावे लागते, तेही कामाच्या दिवशी आणि बहुधा दोनदा. त्या दिवसांचा पगार कापू नये.