पांढुर्ण्याचे आबाजी

नागपूरहून इटारसीकडे निघालेली आगगाडी काटोल व नरखेड मागे टाकते, आणि महाराष्ट्राची सीमा केव्हा ओलांडली गेली हे प्रवाशाच्या ध्यानीही येत नाही. तीच काळी जमीन, तेच कपाशीचे पट्टे, त्याच संत्र्यांच्या बागा आणि कानावर पडणारी तीच बोली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर व विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा व सौंसर मात्र मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली हे दोन तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. येथील बहुतेक मुलांची शाळा हिंदीत आणि घर मराठीत. अशा मुलुखात मराठीची खरी शाळा म्हणजे घरातील आजाआजी.

प्रिय वाचकहो, याच परिसरातील एका ख्रिस्ती शेतकरी कुटुंबाच्या आजोबांविषयी आज लिहावयाचे आहे. घरातील लहानथोर त्यांना ‘आबाजी’ म्हणत. ते विद्वान नव्हते, पुढारीही नव्हते. पण गल्लीतल्या कोणत्याही मुलाला विचारावे, ‘आबाजी कुठे आहेत?’ की ते हसूनच उत्तर देई. पळसाच्या पानांचे द्रोण करता करता ते त्याच पानांची टोपी करून मुलांच्या डोक्यावर चढवीत. संध्याकाळी जपमाळेच्या प्रार्थनेला मुले वेळेवर जमावीत म्हणून त्यांनी एक युक्ती योजली होती: प्रार्थना संपली की एक नवे कोडे, आणि त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर! उत्तराच्या ओढीने मुले येत राहिली आणि प्रार्थनेची सवय नकळत अंगी मुरली.

त्यांचा खरा सण तान्हा पोळा. श्रावणी अमावास्येला पोळा होतो, बैलांना सजवून तोरणाखाली उभे करतात. आणि दुसऱ्या दिवशी विदर्भात व या सीमाभागात मुलांचा पोळा भरतो. चाकांवरचे लाकडी बैल सजवून मुले दारोदार जातात व ‘बोजारा’ म्हणून खाऊ किंवा पैसे मिळवतात. आबाजींच्या अंगणात त्या दिवशी जणू गुरांचा बाजारच भरे. डोक्याला मुंडासे, हाती काठी, असे ते दलाल होऊन बसत.

‘आबाजी, बैल घेता का?’

‘घेतो नं बाप्पा! पण किती दाती हाय?’ असे म्हणून ते लाकडी बैलाचे तोंड गंभीरपणे न्याहाळीत. ‘अरे, याच्या तोंडात तं एकही दात नाही. हा माझ्याच वयाचा दिसते!’

मग बाजारातील रीतीप्रमाणे हातावर उपरणे टाकून बोटांच्या खुणांनी सौदा चाले. उपरण्याखाली आबाजी तळहाताला गुदगुल्या करीत आणि मूल हसत हसत हवा तो भाव कबूल करी. त्या दिवसांत झाडांवरची संत्री हिरवीच असतात. म्हणून बोजारा मिळे तो संत्र्याच्या गोळ्यांचा. मोडक्या पायाच्या बैलाला गोळी एक जास्त, कारण ‘त्यानं काम जास्त केलं असन.’

परंतु याच दिवशी पांढुर्ण्यात दुसराही एक खेळ होतो, आणि गावाचे नाव देशभर पोहोचले आहे ते त्याच्यामुळे. पांढुर्णा व सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि दोन्ही काठांवरून माणसे एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. हीच गोटमार. पांढुर्ण्याचा तरुण आणि सावरगावची मुलगी पळून जात असता नदीतच दगडांच्या माऱ्यात सापडली, अशी तिच्या मुळाशी असलेली दंतकथा सांगतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात; आजवर अनेकांचे प्राण गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले. हात पुन्हा दगडाकडेच वळले.

आबाजींच्या उजव्या भुवईवर एक जुनी खूण होती. ती कशाची, असे नातवंडांनी विचारले की दरवेळी नवे उत्तर मिळे: कधी बैलाने लाथ मारली, तर कधी चंद्र पाहता पाहता चंद्रच अंगावर पडला. मुले खिदळत आणि प्रश्न तेथेच विरून जाई. थोरला नातू सोळा वर्षांचा झाला आणि त्या दिवशी नदीवर जायला निघाला, तेव्हा मात्र आबाजींनी त्याला जवळ बसवून खरे सांगितले. तारुण्यात ते स्वतः त्या काठावर उभे होते. त्यांची थोरली बहीण सावरगावला दिलेली. दगड आला तो तिच्याच सासरच्या काठावरून.

‘पोरा, दगड फेकताना समोरचा माणूस दिसत नाही, नुसता काठ दिसते. अन् लागते तो कोणाचा तरी आपलाच असते.’

एवढेच बोलून त्यांनी मुंडासे बांधले आणि नातवाला म्हटले, ‘चाल, आज तू दलाल हो. माझे डोळे आता दात मोजू देत नाहीत.’ नातू त्या वर्षी नदीवर गेला नाही, पुढेही नाही. आबाजींना देवाज्ञा होऊन आज काही वर्षे झाली. अंगणातला बाजार तोच भरवतो.

मला वाटते, आबाजींचा खेळकरपणा हा नुसता स्वभाव नव्हता. ती त्यांनी निवडलेली वाट होती. ज्या हाताने दगड उचलला होता, त्याच हाताने त्यांनी पुढे आयुष्यभर मुलांना हसवले. प्रायश्चित्ताचा असाही एक प्रकार असतो. जखऱ्या संदेष्ट्याने देवाच्या शांतीचे जे चित्र रंगविले आहे, त्यात सिंहासने नाहीत. यरुशलेमच्या रस्त्यांत काठी टेकून बसलेली म्हातारी माणसे आहेत आणि त्यांच्यासमोर खेळणारी मुले आहेत. तीमथ्याच्या विश्वासाचे मूळ संत पौलाला त्याच्या आजीमध्ये, लोईसमध्ये दिसले.

प्रभू येशूचे आजीआजोबा संत योआकिम व संत अन्ना यांचा सण २६ जुलैला येतो. त्याच सुमारास, जुलैच्या चौथ्या रविवारी, आजीआजोबा व वृद्धांचा जागतिक दिन पाळण्याची प्रथा पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली घालून दिली. त्या दिवशी घरच्या वडीलधाऱ्यांना केवळ हार घालून खुर्चीत बसवू नका. मुलांना त्यांच्याभोवती बसवा, त्यांची कोडी ऐका, त्यांच्या जुन्या जखमांची हकीकत विचारा. आणि जे दिवंगत झाले, त्यांच्यासाठी मिस्सामध्ये प्रार्थना करून त्यांचा एखादा खेळ आपल्या अंगणात पुन्हा मांडा.