खाजणारे चावे आणि न खाजणारा एक

डास चावल्यावर खाज येते ती त्याच्या लाळेमुळे. रक्त ओढताना ते गोठू नये म्हणून मादी डास कातडीत लाळ सोडते. त्या लाळेतील प्रथिनांविरुद्ध शरीर हिस्टामिन सोडते आणि काही मिनिटांत गांधी उठते. ती तास-दोन तासांत बसते. दुसऱ्या दिवशी त्याच जागी कडक, लालसर पुटकुळी येते आणि तिची खाज काही दिवस टिकते. लहान मुलांना आणि त्या भागात नव्याने आलेल्यांना हा त्रास जास्त होतो. वर्षानुवर्षे चावे सोसलेल्यांची गांधी बहुधा लहान असते.

मध्य प्रदेशात, पांढुर्णा जिल्ह्यातील सौंसर तालुक्यात, बोरगावच्या शिवारात, हे चावे पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत चालतात. संत्र्याच्या बागेत गवत वाढलेले असते, कपाशीत निंदण चालू असते, गोठे ओले असतात. घोट्याभोवती पुंजक्याने उठणारे ठिपके बहुधा पिसवांचे. झोपेतून उठल्यावर रांगेत दिसणारे ढेकणांचे. गुरांमागे राबणाऱ्याच्या अंगावर गोचीड चिकटलेला सापडतो. तो चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावा. त्यावर तेल ओतू नये, विडी टेकवू नये.

खाज कमी करण्याचे उपाय साधे आहेत. जागा साबण-पाण्याने धुवावी आणि गार पाण्याची घडी दहा मिनिटे ठेवावी. कॅलामाइन लोशन चालते. खाज फार असेल तर एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनचे मलम थोडे दिवस लावता येते, आणि रात्री झोप येत नसेल तर सेटिरिझिनसारखी गोळी उपयोगी पडते. तिने गुंगी येऊ शकते, म्हणून ती घेऊन गाडी चालवू नये. चुना लावण्याची पद्धत गावोगावी आहे. चुन्याने कातडी भाजते आणि भाजलेल्या जागेची आग खाजेला काही वेळ झाकते, एवढाच त्याचा गुण. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या तीव्र स्टेरॉइडच्या मिश्र ट्यूबा त्याहून वाईट. गोल कडांचे चट्टे गजकर्णाचे असतील तर अशा ट्यूबेने ते आठवडाभर दबतात आणि मग दुप्पट पसरतात. नखे कापलेली ठेवावीत. खाजवून झालेल्या जखमेत पू होतो, आणि मधुमेह असलेल्याला तो महागात पडतो.

एवढे सांगून हा विषय संपायला हवा. पण प्रस्तुत लेखकाच्या घरात एका भाद्रपदात जे घडले ते अजून सलते, आणि त्याचा खाजेशी उलटा संबंध आहे.

पोळ्याच्या सुमारास घरातील एक वडीलधारी बाई वावरात निंदायला जात होती. पायांवर चावे उठले, खाजले, चुना लागला. काही दिवसांनी तिला कडक ताप आला, डोके फुटायला लागले, अंग ठणकू लागले. जवळच्या एका दवाखान्यात मलेरिया आणि डेंगूची तपासणी झाली. दोन्ही निकाल नकारार्थी आले. तरीही डास हाच गुन्हेगार ठरला, कारण चावे डोळ्यांसमोर होते. सलाइन लागले, इंजेक्शने झाली, ताप उतरला नाही. धाप लागल्यावर तिला नागपूरला हलवले. तिथे लुगडे सोडून दवाखान्याचे कपडे घालताना परिचारिकेला कमरेवर, निऱ्या खोचतात त्या जागी, विडीचा चटका बसल्यासारखी एक काळी खपली दिसली. बाईला ती कधी आली ते ठाऊक नव्हते. ती दुखली नव्हती, खाजलीही नव्हती.

हा स्क्रब टायफस. ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी या जिवाणूमुळे तो होतो आणि माइट जातीच्या सूक्ष्म जिवाच्या अळीमार्फत माणसाला लागतो. या अळीला चिगर म्हणतात. ती मिलिमीटरच्या काही दशांशांएवढी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी. धुऱ्यावरच्या गवतात आणि झुडपांत ती उंदीर-घुशींची वाट पाहत असते. माणूस वाटेत आला तर त्यालाही चिकटते आणि कपडा घट्ट बसतो तिथे थांबते: कंबर, काख, जांघ, स्तनांखाली. युरोप-अमेरिकेतील चिगर चावले की माणूस खाजवून हैराण होतो. हा रोग पसरवणारे आशियातील चिगर मात्र गुपचूप चावून जातात. ताप येतो साधारण दहा-बारा दिवसांनी, तोवर गवताची आठवणही राहत नाही. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात या रोगाची साथ आली, माणसे दगावली; नागपुरात उपचाराला आलेल्यांत मध्य प्रदेशातील रुग्णही होते.

औषध स्वस्त आहे. प्रौढाला डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण सात दिवस. गरोदर स्त्रीला अ‍ॅझिथ्रोमायसिन. वेळेवर सुरू केल्यास ताप बहुधा 48 तासांत ओसरतो. या बाईचाही ओसरला. म्हणूनच राग येतो तो रोगाचा नव्हे. आधीच्या दवाखान्यात कोणीही तिचे अंग पाहिले नाही. बाहेर रांग होती, आत परपुरुषांसमोर लुगडे सोडायला साठीची बाई तयार झाली नसती, आणि खपली प्रत्येक रुग्णाला येतेच असेही नाही, हे सगळे खरे. तेव्हा त्या डॉक्टरला दोष देणे कदाचित अन्याय ठरेल. पण “वावरात जाता का, अंगावर कुठे काळी खपली आहे का” हे विचारायला रांग मोडावी लागत नाही. घरच्या एखाद्या बाईला आडोशाला नेऊन पाहायला सांगता आले असते. अन्यायाचा विचार इथवर येतो आणि पुन्हा फिरतो.

प्रतिबंध खाजणाऱ्या आणि न खाजणाऱ्या दोन्ही चाव्यांना जवळपास सारखाच आहे. लांब बाह्यांचा सदरा, मोज्यात खोचलेली पँट आणि बंद बूट घालावेत. बागेत दुपारी टेकताना थेट गवतावर आडवे होऊ नये, काढलेले कपडे झुडपावर टाकू नयेत. डीट हे रसायन असलेले मलम उघड्या अंगावर लावावे. दोन महिन्यांखालील बाळाला ते लावू नये. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने सैनिकांसाठी विकसित केलेले डेपा हेही याच कामाचे. परमेथ्रिनची फवारणी कपड्यांवर करावी, अंगावर नाही. वावरातून आल्यावर साबण लावून अंग घासावे आणि कपडे लगेच धुवावेत. घराभोवतीचे गवत कापावे. उंदीर हटवायचे तर धान्य उघडे ठेवू नये. साठलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकावे.

गांधीलमाशी किंवा मधमाशी चावल्यावर ओठ सुजले, श्वास अडला किंवा चक्कर आली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठावा. गवतात काम केलेल्याला महिन्याच्या आत कडक ताप आल्यास कंबर, काख आणि जांघ नीट पाहावी, आणि खपली दिसो वा न दिसो, वावराचे काम डॉक्टरला आपणहून सांगावे.