गोविनजोळाच्या रानातून

बेळगावहून सांबऱ्यावरून बागलकोटचा रस्ता धरला की थोड्याच वेळात मातीचा रंग बदलू लागतो. पश्चिमेकडची तांबडी माती आणि भाताची खाचरं मागे पडतात. नेसरगी ओलांडेपर्यंत दोन्ही बाजूंना काळी रानं पसरलेली असतात. यरगट्टीला रस्त्याला फाटे फुटतात. उत्तरेला गेलात तर गोकाक आणि घटप्रभेचा कालवा, दक्षिणेला गेलात तर सौंदत्ती, यल्लम्माचा डोंगर आणि नविलुतीर्थाचं धरण. या सगळ्या पट्ट्यात जुलै महिन्यात नजर टाकाल तिथं मका दिसतो.

आमच्या लहानपणी ही रानं जोंधळ्याची म्हणून ओळखली जात. आता पावसाळी हंगामात मक्यानं मोठी जागा घेतली आहे. कोंबड्यांचं खाद्य, स्टार्च आणि अलीकडे इथेनॉल, अशी त्याला तिन्ही बाजूंनी मागणी. आपल्या घरात आई ‘मका’ म्हणते आणि शेजारच्या अव्वा ‘गोविनजोळ’. जोळ म्हणजे जोंधळाच. परदेशातून आलेल्या या पिकाला कन्नडनं जोंधळ्याच्या घरातच बसवून टाकलं आहे.

या भागातून प्रवास करणाऱ्याला एक बदल मात्र चटकन जाणवतो. पूर्वी जुलैत रानोरान बायकांच्या रांगा भांगलायला बसलेल्या दिसत. डोक्यावर इरलं किंवा पोत्याची खोळ, हातात खुरपं, तोंडी मराठी-कन्नड दोन्ही गाणी. आज त्या रांगा विरळ झाल्या आहेत. त्यांच्या जागी पाठीवर पंप घेतलेला एकटा माणूस चालताना दिसतो. भांगलणीला माणूस मिळत नाही, मिळालं तर वेळेवर मिळत नाही, आणि पाऊस लागून राहिला की कोळपं चालत नाही. मक्याला पहिले तीस ते पंचेचाळीस दिवस तणानं गाठलं तर पुढं कितीही खत घाला, कणीस भरत नाही. म्हणून शेतकरी तणनाशकाकडे वळला. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तो ते कसं वापरतो, हे पाहायला हवं.

तणांची ओळख

मक्याच्या रानात दोन जातींची तणं असतात. एक गवतवर्गातली, हरळीसारखी. हरळीला कन्नडमध्ये ‘गरिके’ म्हणतात आणि ती गणपतीला वाहतात, हे आपल्याला ठाऊक आहेच. दुसरी रुंद पानांची: कुरडू, एकदांडी, दुधी, माका, माठ, घोळ आणि सगळ्यांचा धाकटा पण दांडगा भाऊ, काँग्रेस गवत. या काँग्रेस गवताचा बंदोबस्त करण्यासाठी त्याची पानं खाणारा मेक्सिकोचा भुंगा १९८४ साली बंगळूरजवळ सोडला गेला होता. पावसाळ्यात बांधावर हे पट्टेदार भुंगे आजही दिसतात. त्यांना मारू नये.

यातली घोळ आणि माठ म्हणजे तण कुठलं, ती तर भाजी! भांगलणाऱ्या बायका संध्याकाळी ओटीत घोळ घेऊन घरी जात. आमच्या सीमाभागात डाळ घालून केलेली घोळीची भाजी आणि भाकरी ज्यानं खाल्ली, त्याला ती चव विसरता येणार नाही. म्हणूनच पहिला नियम स्वयंपाकघरातून सुरू होतो: औषध मारलेल्या रानातली भाजी खुडू नये आणि तिथलं गवत जनावरांना घालू नये. घरातल्या सगळ्यांना, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना, कुठल्या रानात कधी फवारणी झाली हे सांगून ठेवावं.

‘औषध’ आणि ‘एण्णी’

भाषेच्या माणसाला इथं एक गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. मराठीत आपण ‘औषध मारतो’. आपल्या भागातल्या कन्नडमध्ये ‘एण्णी होडीतारे’, म्हणजे तेल मारतात. एका भाषेत ते औषध झालं, दुसरीत तेल. विष हा शब्द दोन्हीकडे तोंडी येत नाही. औषध म्हटलं की थोडं जास्त घेतलं तर गुण लवकर येईल असं वाटतं, आणि तेल म्हटलं की हाताला लागलं तर काय बिघडलं असं वाटतं. शब्दांनी भीती घालवली आणि भीतीबरोबर सावधपणही गेला.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं दगावली. ती कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हेत. पण हातमोजे नाहीत, तोंडाला काही नाही, वारा अंगावर आणि मिश्रण अंदाजानं, ही परिस्थिती आपल्या रानातही अनोळखी नाही.

डब्यावर चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो, तो आधी पाहावा. लाल म्हणजे अतिविषारी. मग पिवळा, त्यानंतर निळा, आणि हिरवा सर्वांत कमी विषारी. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. डब्याबरोबर घडी घातलेलं एक माहितीपत्रक मिळतं. अक्षर बारीक असतं आणि एकाखाली एक कितीतरी भाषा असतात. आपल्याकडे वडिलांना मराठी वाचता येतं, सून कन्नड शाळेत शिकलेली असते आणि नातू इंग्रजीत. मग ते पत्रक घरात एकदा मोठ्यानं वाचायला काय हरकत आहे? दुभाषी घराचा याहून चांगला उपयोग कुठला!

कुठलं, कधी, किती

घटप्रभेजवळ अरभावीला धारवाड कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. जवळच कित्तूर राणी चन्नम्मांच्या नावाचं उद्यानविद्या महाविद्यालय आहे. दुकानदाराच्या शब्दावर जाण्याऐवजी अशा ठिकाणी किंवा रयत संपर्क केंद्रात विचारलेलं बरं. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांकही फुकट चालतो.

ढोबळ माहिती अशी. पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत, उगवणीपूर्वी, रानात ओल असताना अ‍ॅट्राझिन ५० टक्के पावडर मारतात. एकरी साधारण ४०० ते ८०० ग्रॅम, हलक्या जमिनीत कमी आणि काळ्या भारी जमिनीत जास्त, भरपूर पाण्यातून. कोरड्या मातीवर ते काम करत नाही. मका हे औषध आपल्या अंगात मोडून टाकतो, रुंद पानांच्या तणाला ते जमत नाही. पानाचं अन्न तयार करण्याचं काम थांबतं आणि तण वाळतं. मका टिकतो तो एवढ्यामुळेच.

उगवणीनंतर तण दोन ते चार पानांवर असताना टेंबोट्रिओन हे एक औषध वापरतात. एकरी ११५ मिली, सोबत दिलेल्या चिकट द्रवासह. रुंद पानांच्या तणासाठी २,४-डी हे जुनं आणि स्वस्त औषध आहेच. कोणतंही घेतलं तरी शेवटचा शब्द डब्यावरच्या लेबलाचा.

दोन इशारे महत्त्वाचे. मक्यात तूर, चवळी किंवा घेवड्याची ओळ असेल तर अ‍ॅट्राझिन आणि २,४-डी दोन्ही वर्ज्य. या औषधांच्या लेखी घेवडा आणि कुरडू सारखेच. अशा रानात उगवणीपूर्वी पेंडीमेथॅलिनचा सल्ला विचारावा. दुसरं, अ‍ॅट्राझिन जमिनीत रेंगाळतं. प्रमाण वाढवलं तर मक्यामागून येणारा हरभरा किंवा भाजीपाला मार खातो. ते पाझरून विहिरीच्या पाण्यापर्यंतही जाऊ शकतं. भूजलात अंश सापडू लागल्यामुळे युरोपीय संघानं २००४ साली त्याची मान्यता नाकारली. आपल्याकडे ते चालू आहे, म्हणून निदान मापात राहावं.

बांधापलीकडचं रान

सौंदत्ती, बैलहोंगलकडे मक्याच्या शेजारी कापूस असतो. कन्नडमध्ये कापसाला ‘हत्ती’ म्हणतात, यावर आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या विनोद झाले आहेत. पण २,४-डीच्या बाबतीत हा हत्ती फार नाजूक आहे. वाऱ्यानं उडालेले चार थेंबही त्याला सोसत नाहीत. नवी पानं भेंडीच्या पानासारखी चिंबून अरुंद होतात, शेंडा वाकतो आणि त्याला उपाय नसतो. अथणीकडची द्राक्षबाग आणि टोमॅटोचं रान यांचंही तसंच. त्यातही २,४-डीचा ‘ईस्टर’ प्रकार उन्हात वाफ होऊन दूर जातो. ‘अमाइन’ प्रकार त्या मानानं कमी उडतो.

यरगट्टीच्या पुढं चहाच्या टपरीवर एका वृद्ध शेतकऱ्यानं मला एका वाक्यात सगळं सांगितलं: “गाळी नोडी एण्णी होडीबेकु, सर.” वारा बघून औषध मारावं. मग मराठीत म्हणाले, “पीक एका सालाचं असतंय. बांध जन्माचा असतोय.” बांधावरून झालेली भांडणं कोर्टात किती वर्षं चालतात, हे आपल्या जिल्ह्याला कुणी सांगायला नको. शेजारी कापूस, द्राक्ष किंवा भाजी असेल तर २,४-डी घेऊच नये. त्या बाजूच्या ओळी खुरप्यानं काढाव्यात. फवारणीच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याला सांगावं. एवढ्यानं निम्मी भांडणं टळतील.

फवारणीच्या दिवशी

सकाळी वारा शांत असताना, पुढच्या काही तासांत पावसाची चिन्हं नसताना सुरुवात करावी. तणनाशकाला सपाट पंख्यासारखी फवारणी करणारं नोझल लावावं. कीटकनाशकाचं गोल तुषाराचं नोझल नको. आधी नुसत्या पाण्यानं थोड्या जागेवर फवारून एकरी किती पंप लागतात हे मोजावं, मग मिश्रण करावं. पाणी स्वच्छ हवं, कालव्याचं गढूळ नको. पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, बूट, तोंडाला मास्क. मिश्रण काठीनं ढवळावं. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नये. तंबाखूची चंची त्या दिवशी घरी राहू द्या.

पंप मारतो पुरुष, पण पाणी आणून ओततात बहुधा घरच्या बायका आणि शाळेतून आलेली मुलं, उघड्या हातांनी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना आणि मुलांना या कामापासून लांबच ठेवावं. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. तो कालव्यात किंवा ओढ्यात धुऊ नये. घटप्रभेचं आणि मलप्रभेचं पाणी पुढं कुणीतरी पितंच. रिकामा डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच घालावं. मग डब्याला भोक पाडून टाकावं, म्हणजे त्यात कुणी गोडेतेल भरणार नाही.

मळमळ, चक्कर, डोळ्यांची आग जाणवली तर काम तिथंच थांबवावं, कपडे बदलून साबणानं अंग धुवावं आणि दवाखान्यात जाताना डबा व पत्रक सोबत न्यावं. कुठलं विष हे कळलं तरच डॉक्टरांना नेमका उपचार करता येतो.

श्रावणात या रस्त्यानं यल्लम्माला जाल तेव्हा मका तुऱ्यावर आलेला असेल. मध्ये थांबून भाजलेलं कणीस जरूर खा. आणि गावाकडे कुणी पंप मारणारं असेल, तर ज्या भाषेत त्याला कळेल त्या भाषेत हा लेख वाचून दाखवा.