गाडीनं चार वेळा खोटं सांगितलं

कारच्या अलार्मला चोर ओळखता येत नाही. त्याला एवढंच कळतं की दार उघडलं, बॉनेट उघडलं किंवा गाडीला धक्का बसला. पुढचं काम शेजाऱ्यांचं. म्हणून उगाच वाजणारा अलार्म फक्त झोप मोडत नाही, शेजाऱ्यांचा भरवसाही खातो.

गोंदिया जिल्ह्यात, तिरोड्याला आमचं घर. बाबांनी गेल्या वर्षी जुनी कार घेतली. अलार्म आधीच्या मालकानं बाहेरून बसवून घेतलेला. ऑगस्टमध्ये धानाची रोवणी आटोपली, पावसाची झड लागली आणि रात्री दोनला गाडी बोंबलू लागली. पहिल्या रात्री अख्खी गल्ली बाहेर आली. शेजारचे काकाजी तर काठी घेऊन. दुसऱ्या रात्री दोघं आले. चौथ्या रात्री कोणीच नाही. काकूंचं तेव्हा नुकतंच ऑपरेशन झालेलं. त्यांनी तक्रार केली नाही, हेच जास्त लागायचं. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हा २००० सालचा नियम. आमचा भोंगा जवळून शंभराच्या पुढे असावा.

आधी सोपे उपाय केले. रिमोटनं अनलॉक, मग किल्ली लावून इग्निशन ऑन. अलार्म थांबायचा, तासाभरानं पुन्हा सुरू. रिमोटमधला ३ व्होल्टचा बटण सेल बदलला. मल्टिमीटरनं बॅटरी तपासली. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. व्होल्टेज फार पडलं तरी काही अलार्म वाजतात. आमची ठीक होती. डॅशबोर्डखालच्या शॉक सेन्सरचा स्क्रू फिरवून संवेदनशीलता कमी केली. तरी तेच.

शेवटी बॅटरीची निगेटिव्ह तार काढून रीसेट करायचं ठरलं. मेकॅनिक भाऊंनी फोनवरच थांबवलं, "आधी भोंगा पाहा. काही भोंग्यांच्या आत वेगळी बॅटरी राहते. तार काढली तर अजून जोरानं बोंबलते."

सकाळी त्यांनी बॉनेट उघडलं आणि कडेची बोटाएवढी पिन दाबली. ती वर आलीच नाही. बॉनेट उघडलं की बंद, हे सांगणारा स्विच तोच. पावसाच्या पाण्यानं गंजलेला. ओल आली की तो अलार्मला सांगायचा, बॉनेट उघडलं. अलार्म बिचारा आपलं काम चोख करत होता. नवा स्विच बसायला दहा मिनिटं लागली.

गल्लीतला बिघाड मात्र स्विच बदलून जाणारा नव्हता. रविवारी दुपारी बाबा घरोघरी सांगून आले आणि सगळ्यांसमोर अलार्म एकदा मुद्दाम वाजवून बंद करून दाखवला.

काकाजींनी विचारलं, "म्हणजे आता वाजली तर खरी समजू ना?"

"खरी समजा," बाबा म्हणाले.

"मंग काठी दाराशीच ठेवतो."